धनराजभाऊंचा शिवलेला टायर

सायकलचा टायर सुईदोऱ्यानं शिवतात असं सांगितलं की आमच्या स्टाफरूममध्ये हमखास हशा पिकतो. मी नाशिकच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि गेली बावीस वर्षं शिवलेल्या टायरवर सायकल चालवते, त्यामुळे त्या हशाची मला सवय आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगून टाकते. साध्या सायकलला टायर वेगळा आणि ट्यूब वेगळी असते. आमच्या रेसिंगच्या ट्यूब्युलरमध्ये ट्यूब टायरच्या पोटात घालून टायर खालून शिवून टाकतात आणि ते अख्खं वेटोळं रिमवर चिकटवतात. पळायला हलका, वळणावर देखणा, आणि पंक्चर झाला की रडकुंडीला आणणारा. मग वापरता कशाला, असं लोक विचारतात. ज्यांनी एकदा वापरला ते विचारत नाहीत.

अशा वेड्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नाव 'चिकटमंडळ', मंडळी अकरा. बोलणं टायरवरून सुरू होतं, मग कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या गच्चीची गळती, कुणाचे गुडघे असं हिंडत हिंडत परत टायरवर येतं. त्यातले दोघे गोंदिया जिल्ह्यातले. मनोजभाई गोंदिया शहरात किराण्याचा ठोक व्यापार करतात आणि बोलतात हिंदी. धनराजभाऊ दवनीवाड्याचे शेतकरी, वय चौसष्ट, तरुणपणी राईस मिलमध्ये फिटर होते. दोघांनाही मी फक्त फोनवरच्या अक्षरांतून ओळखत होते.

दिवाळीनंतर धनराजभाऊंनी ग्रुपवर लिहिलं, "मागच्या साली पडलो, गळ्याजवळचं हाड मोडलं. पोरगी म्हनते सायकल बंद. मी म्हनलो, तुया घरी सायकलनं येऊन दाखवतो. पोचलो तं सायकल माही. गाडी बोलवाले फोन केला तं सायकल खुटीले टांगून देईन." त्यांची मुलगी वंदना नर्स आहे आणि प्रतापगडाच्या जवळच्या गावात राहते. दवनीवाड्यापासून शंभरेक किलोमीटर. पैज बापलेकीची होती, पण ग्रुपवरच्या अकराही जणांना ती आपलीच वाटली.

मी ताबडतोब उत्तर दिलं, "मी येते सोबत. जादा टायर मी आणते, अगदी कोरा. तुम्ही काही घेऊ नका." सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. अकरा जाणकारांपैकी एकालाही त्या वाक्यातली चूक दिसली नाही.

गोंदिया

गोंदियाच्या स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळ होती आणि थंडी चांगलीच झोंबत होती. सायकलचं खोकं ऑटोत आडवं घालून मनोजभाई मला थेट तर्री-पोह्यांच्या गाडीवर घेऊन गेले. "मॅडम, नाशिक में सुबह-सुबह अंगूर खाते होंगे. यहाँ तर्री खाओ, नींद खुलेगी." पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओतून मिळाला. आमच्या मिसळीचा मला फार अभिमान, त्यामुळे पहिल्या घासाला मी नाक मुरडायची तयारी ठेवली होती. तिसऱ्या घासाला नाक वाहायला लागलं आणि मी निमूटपणे दुसरी प्लेट मागितली.

त्यांच्या गोदामात तांदळाच्या पोत्यांच्या मधे बसून मी सायकल जोडली. गिऱ्हाईक येत होतं, मनोजभाई हिशेब सोडून टायर बघायला येत होते, आणि गिऱ्हाईकालाही ओढून आणत होते. "देखो, मॅडम का टायर. अंदर ट्यूब है, ऊपर से सिलाई. जैसे गद्दा." एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर करून टायर दाबून बघितला आणि विचारलं, "पन पंचर झाला तं?" मनोजभाई म्हणाले, "तो भगवान है." मी मात्र छाती फुगवून सांगितलं की नव्या जादा टायरची घडी माझ्या सीटखाली बांधलेली आहे, भगवानाला कशाला त्रास?

दवनीवाडा

दुपारी आम्ही दोघं सायकलवर दवनीवाड्याला निघालो. धान कापून झालेलं होतं, पण शेतं रिकामी नव्हती. धानाच्या धसकटांमधून दुसरंच हिरवं पीक वर आलं होतं, बारीक निळ्या फुलांचं. आमच्याकडे जानेवारीत द्राक्षबागा औषधाच्या वासानं घमघमतात. इथे चिखलाचा आणि पेंढ्याचा वास होता आणि दर दोन शेतांआड एक तळं.

धनराजभाऊ बांधावर उभे होते. सडसडीत अंग, डाव्या खांद्याजवळ हाड सांधल्याचा उंचवटा शर्टातूनही कळत होता. त्यांनी मला नमस्कार केला नाही, आधी माझी सायकल उचलली, मागचं चाक फिरवलं, कानाजवळ नेऊन ऐकलं. मग म्हणाले, "बेअरिंग सुकली तुमची. या, चहा घ्या." मला पहिल्यांदा राग आला आणि मग कळलं की बेअरिंग खरंच सुकली होती.

त्यांचं घर पोवारांचं, वाडवडील माळव्यातून आलेले. काकू, म्हणजे धनराजभाऊंच्या पत्नी, आत पोवारीत बोलत होत्या, माझ्याशी मराठीत, मनोजभाईंशी हिंदीत, आणि त्यात कुणालाच काही विशेष वाटत नव्हतं. जेवायला भात, वांग्याची भाजी आणि पातळ पिवळी डाळ. मी चव घेतली, छान लागली, म्हणून विचारलं, "काकू, कसली डाळ ही?"

"लाखेची."

माझा घास हातातच राहिला. कारण ग्रुपवर धनराजभाऊ नेहमी लिहायचे, मी टायर लाखेनं चिकटवतो. मी त्यांच्याकडे बघितलं, डाळीकडे बघितलं, आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेला शोभणार नाही असा प्रश्न विचारला, "तुम्ही टायरची लाख खाता?"

मनोजभाईंना ठसका लागला. काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. धनराजभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी मला हात धुवायला लावलं आणि बांधावर नेलं. "हे बघा," धसकटांतलं निळ्या फुलांचं पीक दाखवत ते म्हणाले, "हे लाख. लाखोरी म्हना. धान काढलं का पेरतो. हे पोटासाठी." मग चार पावलं पुढे जाऊन त्यांनी पळसाची फांदी वाकवली. काडीभोवती तांबूस, खरखरीत खपली जमली होती. "आन हे बी लाख. किडा करते. हे चाकासाठी. दोन्ही लाखा आमच्याच बांधावरच्या. तुमची नाशिकची मंडळी डाळीनं टायर चिकटवतेत का?"

ही लाख शुद्ध करून पापडासारखी पातळ ओढतात, तिचे तुकडे म्हणजे चपडा. सुतार तो स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतो हे मला माहीत होतं. लाकडी ट्रॅकवर धावणारे जुने परदेशी रेसरही टायर लाखेनंच चिकटवायचे, हेही मी कुठेतरी वाचलेलं होतं. पण ती लाख अशा एखाद्या बांधावरून जात असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तरी मी शहाणपणा सोडला नाही. लाख ठिसूळ असते, उन्हात मऊ पडते, हल्लीचं परदेशी सोल्युशन कसं भरवशाचं, यावर मी दहा मिनिटं बोलले. धनराजभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं?" ते म्हणाले. "सकाळी सहाले निघू."

प्रतापगडच्या वाटेवर

गोंदिया यायच्या आत उजाडलं, मग गोरेगावही मागे पडलं. धनराजभाऊ पुढे, मी मधे, मनोजभाई मागे. धनराजभाऊंची सायकल माझ्या सायकलहून जुनी, रंग उडालेला, पण चालताना आवाज नाही. चौसष्टाव्या वर्षी मोडलेल्या हाडानिशी माणूस असा एका लयीत पाय मारतो हे बघून मला माझ्या वयाची लाज वाटली आणि त्यांचा अभिमानही वाटला.

गप्पा मागून पुढे चालल्या होत्या. मनोजभाई पायडल मारता मारता सांगत होते की त्यांच्या जावयाला भात आवडत नाही, रोज पोळी लागते, आणि गोंदियात राहून भात न आवडणारा माणूस विश्वासाचा कसा असेल? धनराजभाऊ मान न वळवता म्हणाले, "माहा जावई भात खाते. पन बोलतच नाही. वंदनाच दोघायचं बोलते." मग थोड्या वेळानं, "पोरगी लहानपनी याच सायकलच्या दांड्यावर बसे. आता म्हनते बाबा, सायकल सोडा." त्यांनी वेग वाढवला आणि आम्ही दोघं मागे पडलो.

कोहमारा सोडून नवेगावबांधकडे वळलो आणि पाचसहा किलोमीटरवर त्यांच्या मागच्या चाकातून फुस्स असा लांब श्वास निघाला. बाभळीचा काटा, चांगला बोटभर. धनराजभाऊ उतरले, काटा काढला, मला म्हणाले, "द्या तुमचा टायर."

मी ऐटीत घडी सोडली. जुना टायर त्यांनी रिमवरून सोलून काढला. नवा चढवायला घेतला आणि अर्ध्यावर अडला. मी दोन अंगठे लावले, मनोजभाईंनी दोन लावले. टायर बोटभर सरकेना. तेव्हा मला समजलं. नवा ट्यूब्युलर आधी मोकळ्या रिमवर बसवून, हवा भरून, आठपंधरा दिवस ताणून ठेवायचा असतो. नाहीतर तो रिमवर चढत नाही. ही आमच्यातली अगदी बालवाडीतली गोष्ट. मी टायर ताणलाच नव्हता. भेट द्यायची म्हणून कोरा करकरीत राखून ठेवला होता, वेष्टनासकट. आणि धनराजभाऊंचा स्वतःचा ताणलेला, जुना, खात्रीचा जादा टायर दवनीवाड्याला खुंटीवर होता, कारण मी लिहिलं होतं की तुम्ही काही घेऊ नका.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "अक्षम्य चूक आहे."

"आहेच," धनराजभाऊ म्हणाले. तिकडे असंच बोलतात. आमच्याकडे कुणीतरी म्हटलं असतं, अहो चालायचंच. खरं सांगते, त्या 'आहेच'नं मला जास्त बरं वाटलं.

मनोजभाईंनी खिशातून फोन काढला. "भैया, बिटिया को लगा देते हैं. गाडी आ जाएगी, उसमें क्या है."

"लाव," धनराजभाऊ म्हणाले. "पन मंग सायकल बी तूच घेऊन जाय. मी खुटीवर पाहू नाही शकत तिले." मनोजभाईंनी फोन परत खिशात घातला.

राहिला एकच उपाय. जुना टायर उसवायचा, आतली ट्यूब काढून ठिगळ लावायचं आणि टायर पुन्हा शिवायचा. रस्त्याला लागून तीनचार घरं होती. पहिल्याच अंगणात उन्हाला पाय पसरून एक साठीच्या बाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या. त्यांनी आम्हाला सावली दिली, पाणी दिलं. कौसल्याबाई त्यांचं नाव. ठिगळ लावून झालं, आणि सुई माझ्याकडे आली, कारण चूक माझी होती. मी दुहेरी दोरा घेऊन शिवायला बसले.

कौसल्याबाईंच्या बोटांना डोळ्यांची गरज नव्हती. पान घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्याचा वेढा, तोंड मुडपायचं, झालं. त्या हात चालू ठेवून माझ्याकडेच बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"बाई, काय करून राहिल्या तुमी?"

"टायर शिवतेय."

"हे सिवनं व्हय?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि टायर माझ्या हातातून सरळ काढून घेतला. "एकच दोरा लंबा ओढून राहिल्या. एका जागी तुटला का सारा उकलते. बिडी कशी बांधतो आमी? एक एक अलग. तसा टाका घ्या, गाठ मारा, तोडा. मंग दुसरा. एक सुटला तं बाकीचे काऊन सुटतीन?"

मी बावीस वर्षं टायर शिवते आणि हे मला सुचलेलं नाही. त्यांनी बिडीचा दोरा चार पदरी केला, मेणबत्तीवर घासला आणि जुन्या भोकांमधूनच सुई घातली. प्रत्येक टाका वेगळा, गाठ इतकी बारीक की बोटाला लागू नये. मधेच त्यांनी विचारलं, "कोठं जाऊन राहिले?"

"पोरीच्या घरी," धनराजभाऊ म्हणाले.

"सायकलनं? गाडी नाही तिच्याजवर?"

"आहे. म्हनूनच सायकलनं."

कौसल्याबाईंनी त्यांच्या खांद्याकडे एकदा बघितलं आणि पुढचे टाके आणखी जवळ जवळ घातले.

आता चिकटवणं. माझं परदेशी सोल्युशन लावायचं तर रिमवरची लाख आधी सगळी खरवडायला हवी होती आणि मग सोल्युशन सुकायला रात्र द्यायला हवी होती. धनराजभाऊंनी खोकल्याच्या औषधाची एक छोटी बाटली काढली. आत स्पिरिटमध्ये विरघळलेला चपडा. रिमवरच्या जुन्या लाखेवर त्यांनी चिंधीनं तो फिरवला. जुनी लाख ओली झाली, चिकट झाली, नवीत मिसळून गेली. काहीही खरवडावं लागलं नाही. टायर बसवून, हवा भरून, ते चाक मांडीवर घेऊन दीड तास उन्हात बसले आणि इंच इंच दाबत राहिले. माझ्या कालच्या व्याख्यानाचा त्यांनी एका शब्दानंही उल्लेख केला नाही. मला वाटलं, केला असता तर बरं झालं असतं.

टायर उतारावर रिमवरून निसटला तर काय होतं हे मी पाहिलेलं आहे. सायकल गेली तर गेली, पण ते हाड पुन्हा मोडलं तर वंदनाला मी काय तोंड दाखवणार? म्हणून मी म्हणाले, "आधी मी बसते. माझी चूक, मी पडेन." त्यांची सायकल घेऊन मी समोरच्या वाटेवर गेले आणि हातपंपाजवळच्या वळणावर मुद्दाम जोरात झुकवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर ब्रेक दाबून. टायर तसूभर हलला नाही. कौसल्याबाई दारातून ओरडल्या, "आता देऊन द्या त्याह्यची सायकल, ऊन उतरन!" आणि परत सूप मांडीवर घेऊन बसल्या.

पुढचा रस्ता जंगलातला, समोरून वारा. नवेगावबांधचं तळं झाडांमधून एकदा चमकून गेलं, थांबायला वेळ नव्हता. एरवी मी अशा ठिकाणी तासभर बसते. धनराजभाऊ डावा हात मधूनमधून हँडलवरून उचलून झटकत होते आणि परत ठेवत होते. मी त्यांच्या पुढे जाऊन वारा अडवायला लागले. दोन किलोमीटर त्यांनी चालवून घेतलं, मग मला ओलांडून पुढे गेले. "मांगं राहा मॅडम. पोरीच्या गावात बायकोच्या वयाच्या बाईमांगं लपून नाही जानार." मी त्यांच्या बायकोहून दहा वर्षांनी लहान आहे, पण तेव्हा वाद घातला नाही.

उन्हं कलली तेव्हा प्रतापगडाचा डोंगर दिसला. एकाच डोंगरावर किल्ला, महादेव आणि दर्गा, आणि खाली दोन्हीकडचे लोक एकाच टपरीवर चहा पितात, असं मनोजभाईंनी मला मोठ्या ऐटीनं सांगितलं, जणू डोंगर त्यांच्याच गोदामातला. आम्ही टपरीवरही थांबलो नाही. गावात शिरलो. धनराजभाऊंना घर माहीत होतं. दार बंद होतं, आत दिवा लागलेला. ते उतरले, पाय जमिनीवर टेकून सरळ उभे राहायला त्यांना क्षण लागला. त्यांनी कडी वाजवायला हात उचलला, तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. वंदनाचा.

फोन करायचा नाही असं दोघांचं ठरलेलं होतं. बापानं दिवसभर पाळलं, लेकीला मात्र संध्याकाळ काढवली नाही. भिंतीच्या आतून आणि फोनमधून एकाच वेळी आवाज आला, "बाबा, कोठं आहा? मी हरली म्हना. गाडी काढू का?"

"कायले?" धनराजभाऊ म्हणाले. "दार उघड."

दार उघडलं. वंदनाच्या हातात गाडीची किल्ली होती, पायात चपला होत्या. जवळ येऊन तिनं वडिलांच्या शर्टाच्या आत हात घातला, मोडलेल्या हाडावरून बोटं फिरवली, पेशंटचं बघतात तसं, दाबून, नीट. मग डोळे पुसले. मनोजभाई विनाकारण स्वतःची चेन तपासायला लागले. मला तर काहीच दिसत नव्हतं.

धनराजभाऊंनी सायकल भिंतीला टेकवायला घेतली. वंदनानं किल्ली कमरेला खोचली, दोन्ही हातांनी सायकल उचलून खांद्यावर घेतली आणि उंबरा ओलांडला.

"भायेर नोका ठेवू," ती आतून म्हणाली. "दव पडते."